मॅनहॅटनचा ९ डॉलरचा कंजेशन टोल: प्रोफेसर व्हिक्रींच्या हिशोबाने केलेला रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी चार. आता सविस्तर.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी स्वतः न्यू जर्सी ट्रान्झिटच्या ट्रेनने जाणारी बाई, पण भारतातून आई-बाबा आले की, किंवा रात्री ब्रॉडवेचा शो असला की, गाडी काढावीच लागते. त्यामुळे ५ जानेवारी २०२५ पासून साठाव्या रस्त्याच्या खाली, म्हणजे दक्षिणेकडे, मॅनहॅटनमध्ये गाडी नेली की जो जादा टोल, म्हणजे कंजेशन किंवा गर्दीचा टोल, बसतो तो मी बऱ्यापैकी नियमित भरलाय. आपल्या मराठी ग्रुपवर यावर बोलणं निघालं की "लूट आहे" एवढ्यावरच संपतं. मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते नीट सांगावं म्हणून हे लिहितेय. टोलचा रिव्ह्यू कोण लिहितं असं कुणी म्हणेल, पण पैसे देऊन घेतलेली सर्व्हिसच आहे ना ती? पैसे देतो रस्ता मोकळा मिळावा म्हणून. मग मिळाला का, आणि किंमत बरोबर लावली का, हे विचारायला काय हरकत आहे.

यामागचं नाव आहे अर्थशास्त्रज्ञ विल्यम व्हिक्री. जन्म १९१४, कॅनडातल्या व्हिक्टोरियाचा, पण आयुष्य गेलं न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकवण्यात. अर्थशास्त्र शिकलेल्यांना त्यांचं आडनाव लिलावामुळे माहीत असतं. बंद पाकिटातली बोली, सगळ्यात मोठी बोली लावणारा जिंकतो पण भरतो दुसऱ्या नंबरच्या बोलीएवढे पैसे, मग खोटं कमी-जास्त सांगण्यात कुणाचाच फायदा उरत नाही. हा पेपर १९६१ चा, आणि पुढे ऑनलाइन जाहिरातींच्या लिलावांमध्ये याच विचारातून निघालेल्या पद्धती वापरल्या गेल्या. पण या माणसाचा जीव खरा अडकला होता गर्दीत. १९५२ मध्येच त्यांनी न्यूयॉर्कच्या सबवेसाठी (तिथली भुयारी मेट्रो) सुचवलं होतं की भाडं वेळेप्रमाणे आणि ठिकाणाप्रमाणे बदलतं ठेवा, गर्दीच्या वेळी जास्त आणि रिकाम्या डब्याला कमी. कुणी ऐकलं नाही. मग १९५९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या कमिटीपुढे वॉशिंग्टनच्या रस्त्यांसाठी मांडलं की प्रत्येक गाडीत एक इलेक्ट्रॉनिक खूण बसवा, गाडी कुठून कधी गेली ते आपोआप नोंदवा आणि महिन्याला बिल पाठवा. १९५९ साली! लोक म्हणाले हे जमण्यासारखं नाही, तर पुढे त्यांनी स्वतःच्या गाडीत एक साधा स्वस्तातला रेडिओ ट्रान्समीटर बसवून घराच्या ड्राइव्हवेत गाडी आली-गेली की नोंद होते हे दाखवून दिलं. आज आपल्या काचेला चिकटवलेला जो ईझी-पास, म्हणजे टोलचा टॅग, आहे ना, तो म्हणजे तेच.

त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं ८ ऑक्टोबर १९९६ ला, आणि तीनच दिवसांनी, ११ तारखेला, एका कॉन्फरन्सला गाडीने जाताना रस्त्यातच ते गेले. स्वतःच्या शहरात स्वतःची कल्पना चालू झालेली त्यांना बघायला मिळाली नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण सिंगापूरने १९७५ मध्ये सुरू केलं, लंडनने २००३ मध्ये, स्टॉकहोमने २००६ मध्ये, आणि जिथे बसून हे सुचलं त्या न्यूयॉर्कला २०२५ उजाडावं लागलं.

आता प्रत्यक्ष वापर कसा आहे ते. कुठे थांबायचं नाही, बूथ नाही, काही नाही. झोनमध्ये, म्हणजे साठाव्या रस्त्याच्या खालच्या त्या भागात, शिरताना वर कॅमेरे आणि रीडर आहेत, टॅग वाचला जातो आणि अकाउंटमधून पैसे जातात. सोमवार ते शुक्रवार पहाटे ५ ते रात्री ९, शनिवार-रविवार सकाळी ९ ते रात्री ९, या वेळात कारला ९ डॉलर. बाकी वेळेला सव्वादोन डॉलर. दिवसातून एकदाच, कितीही वेळा आत-बाहेर करा. टॅग नसेल तर नंबर प्लेटचा फोटो निघतो आणि घरी बिल येतं, ते १३.५० डॉलर, म्हणजे दीडपट, तेव्हा टॅग नसेल त्यांनी आधी तो घ्या. मोटरसायकलला साडेचार, ट्रकला साइझप्रमाणे १४.४० किंवा २१.६०. पिवळ्या टॅक्सीत बसलात तर दर ट्रिपमागे ७५ सेंट, उबर-लिफ्टला दीड डॉलर, ते तुमच्या भाड्यात लागून येतात. एफडीआर ड्राइव्ह आणि वेस्ट साइड हायवे यावरून नुसतं पुढे निघून गेलात, आतल्या रस्त्यांवर उतरलाच नाहीत, तर टोल नाही.

आपल्या जर्सीवाल्यांचा हिशोब जरा वेगळा, कारण आपण पोर्ट अथॉरिटीला (हडसन नदीवरचे पूल आणि खालचे बोगदे चालवणारी संस्था) आधीच टोल भरतो. २०२५ मध्ये ईझी-पासवर पीक अवरला तो १६.०६ होता आणि ऑफ-पीकला १४.०६ (दर जानेवारीत वाढतो, आता बघून घ्या). लिंकन किंवा हॉलंड टनेलने गेलात तर ९ मधून ३ डॉलर वजा होतात, म्हणजे २०२५ च्या दराने पीकला एकूण २२.०६. जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजवरून येऊन मग खाली साठच्या आत शिरलात तर ही सूट नाही, पूर्ण ९ लागतात, एकूण २५.०६. पण भारतीय कॉन्सुलेट पूर्व ६४ व्या रस्त्यावर आहे, म्हणजे झोनच्या बाहेर, तिथे काम असेल तर जॉर्ज वॉशिंग्टनवरून येऊन एफडीआरने खाली उतरलं आणि साठच्या वरच बाहेर पडलं की हा ९ डॉलरचा टोल लागतच नाही. लिंकन टनेलने आलात तर मात्र बोगद्यातून बाहेर पडताच तुम्ही झोनमध्ये, तिथे पर्याय नाही.

आता मुख्य प्रश्न, रस्ता मोकळा झाला का. झाला. हॉलंड टनेलकडे जाताना जर्सी सिटीत जी रांग लागायची ती आता तशी लागत नाही हे दिसतं, आणि कॅनल स्ट्रीटसारख्या रस्त्यावर, जिथे पूर्वी एक सिग्नल पार करायला तीन वेळा हिरवा व्हावा लागायचा, तिथे गाडी सरकते. टाइम्स स्क्वेअरच्या आसपास मला तेवढा फरक वाटला नाही, तिथे डिलिव्हरीचे ट्रक आणि टॅक्स्यांचीच गर्दी जास्त आणि ते कुठे जाणार. एमटीएच्या (न्यूयॉर्कची सबवे-बस चालवणारी आणि हा टोल घेणारी संस्था) आकड्यांप्रमाणे पहिल्या वर्षात झोनमध्ये शिरणाऱ्या गाड्या साधारण ११ टक्क्यांनी कमी झाल्या, म्हणजे वर्षाला २ कोटी ७० लाख गाड्या कमी, आणि खर्च वजा जाता ५० कोटी डॉलरच्या वर रक्कम जमली. ११ टक्के ऐकायला थोडं वाटतं. पण रस्त्यावरची गर्दी तशी वागत नाही, रस्ता भरत आला की शेवटच्या थोड्याशा गाड्याच सगळ्यांना जागच्या जागी उभं करतात, त्या थोड्या काढल्या की बाकीच्या सुटतात.

आणि हाच व्हिक्रींचा गाभा आहे, म्हणून यावर जरा थांबते. मी गाडी घेऊन टनेलमध्ये शिरते तेव्हा मला काय मोजावं लागतं? पेट्रोल, टोल, माझा वेळ. पण माझ्या गाडीमुळे माझ्या मागे असलेल्या प्रत्येकाला काही सेकंद जास्त लागतात आणि मागे हजार गाड्या असतील तर ते सेकंद मिळून मोठा वेळ होतो, तो वेळ मी घेतलेला असतो पण त्याचे पैसे मी कुणालाच दिलेले नसतात, आणि मीच कशाला, पुढच्यानेही माझा वेळ असाच फुकट घेतलेला असतो. व्हिक्रींचं म्हणणं एवढंच की दुसऱ्याचा जेवढा वेळ तुम्ही खाता तेवढी किंमत तुम्हाला दिसली पाहिजे, निघायच्या आधी दिसली पाहिजे. पहाटे तीनला रस्ता रिकामा, कुणाचा वेळ जात नाही, तर किंमत जवळपास शून्य. सकाळी साडेआठला टनेलचं तोंड तुंबलेलं, तर किंमत भरपूर.

१९६९ मध्ये त्यांनी याचंच आणखी पुढचं मांडलं, ते मला सगळ्यात जास्त पटलेलं आहे. समजा एकच अरुंद बोगदा आहे आणि सगळ्यांना नऊला ऑफिसात पोचायचंय. बोगद्यातून एका वेळी ठरावीक गाड्याच जाणार. टोल नसेल तर रांग लागते, आणि रांगेत घालवलेला वेळ हीच किंमत होऊन बसते. म्हणजे किंमत तर आपण देतच असतो! फक्त ती पैशात नाही, अर्ध्या तासात देतो, आणि तो अर्धा तास कुणाच्याच खिशात जात नाही, हवेत जातो. आमच्याकडच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात दिवाळीच्या आदल्या दिवशी बिलिंगच्या रांगेत आपण जो वेळ घालवतो त्याने दुकानदाराचा एक पैशाचाही फायदा होत नाही, तसंच हे. तीच किंमत पैशात घेतली, वेळेनुसार कमी-जास्त केली, तर काही लोक जरा आधी निघतील, काही नंतर, रांग विरघळेल, आणि जमलेले पैसे ट्रेन-बसवर खर्च करता येतील. आपल्याकडून काहीतरी नवीन उकळलं जातंय असं वाटतं, पण जे वाया जात होतं तेच कामाला लावलंय असं मी याकडे बघते.

मग एक स्टार का कापला?

कारण न्यूयॉर्कने व्हिक्रींचं अर्धंच घेतलं. पहाटे ५ ते रात्री ९ सरसकट ९ डॉलर? सकाळी सव्वापाचला येणारा बेकरीवाला आणि साडेआठला येणारा ऑफिसवाला दोघांना एकच दर कसा? सव्वापाचला रस्त्यावर कोण असतं, त्या माणसाने कुणाचा किती वेळ खाल्ला? आणि संध्याकाळी पाचला येणाऱ्याला त्याऐवजी दुपारी एकला ये असं सांगणारं या दरात काहीच नाही. दिवसभर एकच किंमत लावली की लोक एकतर येतात किंवा येत नाहीत, वेळ बदलत नाहीत. रात्री मात्र पावणेनऊला ९ आणि नवाच्या ठोक्यानंतर सव्वादोन, ही पायरी इतकी उंच आहे की थोडं थांबून जाणारे होणारच, कुणीही होईल. स्टॉकहोममध्ये दर दिवसभरात पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो आणि उतरतो, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीला सगळ्यात जास्त. सिंगापूर तर त्याहून पुढे, तिथे १९९८ पासून इलेक्ट्रॉनिक आहे, रस्त्यावरच्या प्रत्येक टोल-कमानीचा आणि प्रत्येक अर्ध्या तासाचा दर वेगळा, आणि गाड्यांचा प्रत्यक्ष स्पीड मोजून दर वेळोवेळी वर-खाली करतात. खाली सुद्धा करतात, हे महत्त्वाचं. रस्ता मोकळा पळत असेल तर दर कमी व्हायला हवा, नाहीतर तो गर्दीचा टोल कसला.

त्यात आपल्याकडे आणखी एक गोंधळ. पोर्ट अथॉरिटीचं पीक वेगळं, सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ ते ८, शनिवार-रविवारी सकाळी ११ ते रात्री ९. एमटीएचं वेगळं. एकाच बोगद्यातून एकाच गाडीने जाताना दोन संस्था दोन वेगळ्या वेळा लावतात. दुपारी एकला एकीच्या हिशोबाने गर्दी नाही आणि दुसरीच्या हिशोबाने आहे. यातलं पोर्ट अथॉरिटीचं वेळापत्रक मला व्हिक्रींच्या जास्त जवळचं वाटतं, निदान दुपारला ते मोकळं सोडतं.

दुसरी तक्रार सबवेची. व्हिक्रींनी १९५२ मध्ये जे पहिल्यांदा सुचवलं ते सबवेच्या भाड्याबद्दल होतं, आणि ते न्यूयॉर्कने आजवर केलेलं नाही. सकाळी साडेआठला लेक्सिंग्टन लाइनवर चेंगरून जा किंवा रात्री अकराला रिकाम्या डब्यात जा, भाडं एकच. लंडनच्या अंडरग्राउंडला पीक आणि ऑफ-पीक आहे. कारवाल्यांना वेळेची किंमत लावायची ठरवली तर रात्रपाळीच्या नर्सला, सफाई कामगाराला सबवेत स्वस्त तिकीट द्या की, डबे रिकामेच धावताहेत. हे केलं असतं तर "गरिबांचं काय" या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं असतं.

गरिबांचा मुद्दा मी हलका समजत नाही. वर्षाला ५० हजार डॉलर किंवा कमी उत्पन्न असेल तर महिन्यातल्या पहिल्या दहा फेऱ्यांनंतर पीकचा दर निम्मा होतो, त्यासाठी अर्ज करावा लागतो. पहिल्या दहा का नाहीत हे मला कळलेलं नाही, ज्याला रोज गाडीनेच यावं लागतं त्याला पहिल्या फेरीपासून सूट द्यायला हवी. पण हेही खरं की साठच्या खाली कामाला येणाऱ्यांत गाडीने येणारे थोडे, बहुतेक सगळे ट्रेन-बसनेच येतात, आणि आत्तापर्यंत रांगेत अडकलेल्या बसमध्ये बसलेले पन्नास लोक त्या अडकण्याची किंमत मोजतच होते. त्यांचा वेळ फुकट होता का? बसवाल्यांची बाजू आपण गाडीवाले बोलताना कधी घेतच नाही.

आता आपल्या बाजूची मोठी खंत. हा पैसा जातो एमटीएला, याच्या जोरावर १५ अब्ज डॉलर उभे करून सबवेचे सिग्नल, लिफ्ट, नवे डबे असं सगळं करायचंय. चांगलं आहे. पण न्यू जर्सी ट्रान्झिटला यातून तसं काही मिळत नाही, आणि आम्हाला "गाडी सोडा, ट्रेनने या" म्हणताना ती ट्रेन हडसनखालून ज्या बोगद्यांतून येते ते १९१० चे आहेत, दोनच रूळ, एक यायला एक जायला, आणि २०१२ च्या सँडी वादळात त्यात खारं पाणी शिरलं होतं. नवीन बोगद्याचं काम चालू आहे, व्हायला वर्षं लागतील. न्यू जर्सी सरकार टोलविरुद्ध कोर्टात गेलं ते मला पटलं नव्हतं, पण या एका मुद्द्यावर त्यांचं दुखणं खरं होतं. व्हिक्री स्वतः तर म्हणायचे की स्टेशन जवळ आलं की जमिनीचा भाव वाढतो, तो भाव जमीनमालकाने कमावलेला नसतो, तेव्हा त्या जमिनीवर कर लावून गाड्यांचा खर्च काढा आणि तिकीट स्वस्त ठेवा. एडिसन, मेट्रोपार्क भागात स्टेशनपासून चालत अंतरावरच्या घराची किंमत बघितलीत की हे लगेच लक्षात येईल.

आपल्या लोकांचा टोल म्हटलं की जो राग निघतो तो कुठून येतो हे मला कळतं. आपल्या डोक्यात वाशी, मुलुंड, दहिसरचे नाके आहेत. मुंबईच्या पाचही एन्ट्री नाक्यांवर १५ ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल माफ झाला तेव्हा माझ्या भावाने मेसेज करून पेढे मागितले होते. पण तो टोल उड्डाणपुलांचा खर्च वसूल करायला होता, रात्री दोनला तेवढाच आणि सकाळी नऊला तेवढाच, आणि वर तो भरायलाच रांग लागायची. गर्दी कमी करण्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्या अनुभवावरून मॅनहॅटनच्या टोलबद्दल मत बनवू नका एवढीच विनंती.

हे सुरू होतानाची राजकीय ओढाताणही लक्षात ठेवा. २००८ मध्ये ब्लूमबर्ग महापौर असताना अल्बनीत, म्हणजे राज्याच्या राजधानीत, अडलं. २०१९ मध्ये कायदा झाला. ३० जून २०२४ ला १५ डॉलरने सुरू होणार होतं, जेमतेम महिना आधी गव्हर्नर होकल यांनी थांबवलं, मग नोव्हेंबरमध्ये ९ करून परत आणलं. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने मंजुरी काढून घेतली, मे महिन्यात कोर्टाने केंद्राला रोखलं. यात सामान्य माणसाचा विश्वास कसा बसणार? स्टॉकहोमने जास्त शहाणपणा केला, २००६ मध्ये आधी सात महिने ट्रायल, तेव्हा ट्रॅफिक साधारण २० टक्के घटलं, लोकांनी स्वतः अनुभवलं, आणि मग सप्टेंबरमध्ये मतदान घेतलं. आधी विरोधात असलेलं शहर बाजूने झालं. वापरून बघितल्यावर मत बदलतं, माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांचं बदललंय, विशेषतः ज्यांना संध्याकाळी वेळेत घरी येऊन मुलांना डेकेअरमधून घ्यायचं असतं त्यांचं.

वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. दोघांपेक्षा कमी जण असाल तर ट्रेनच घ्या, पार्किंगचे पैसे धरले तर गाडी परवडतच नाही. आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास, किंवा पाच जण आणि सामान, तर खुशाल गाडी न्या, ९ डॉलरमध्ये जो वेळ वाचतो तो वाजवी आहे. लेक्सिंग्टनवर अठ्ठाविसाव्या रस्त्याजवळ देशी जेवायला जाणार असाल तर तो भाग झोनमध्ये येतो, शनिवार-रविवारी सकाळी नऊच्या आत पोचलात तर सव्वादोन लागतील पण दुकानं तेव्हा उघडलेली नसतात. अपंग व्यक्तींसाठी पूर्ण सूट आहे, त्यासाठी आधी अर्ज करून ठेवा.

दर २०२८ मध्ये १२ डॉलर आणि २०३१ मध्ये १५ होणार असं ठरलेलं आहे. सरसकट दिवसभर १२ केले तर मी माझा आणखी एक स्टार काढून घेईन. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी चार ते सात १५ घ्या, मी आनंदाने देईन, पण दुपारचे पाच करा आणि पहाटेचे दोन.